तक्रारी बंद झाल्या

८ जून, मंगळवार

ती. दादास,

नमस्कार. मी ठीक आहे. खोलीचं छत गळायचं थांबलं, घरमालकिणीने एकदाचा माणूस आणला. वहिनीचा खोकला कसा आहे? अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. दुसऱ्या कुणाला दाखवूही नकोस.

ऑफिसात सध्या माझं कुणाशी धड नाही. तुझ्या कागद कापायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर आमच्याकडचं, हे तुला माहीत आहे. हात आत गेला की यंत्राच्या डोळ्याला तो दिसतो आणि पातं थांबतं. पण हात नसतानाही ते थांबायचं, म्हणून तुमच्याकडून सारख्या तक्रारी येत. आमच्या प्रोग्रामरने, ज्यांना सगळे ‘झालंसाहेब’ म्हणतात, त्यात दुरुस्ती केली आणि ती आधी फक्त तुमच्या यंत्रात घातली. तेव्हापासून एकही तक्रार नाही. झालंसाहेब म्हणाले, झालं. तपासणारी मी. माझ्या टेबलावरचं नमुन्याचं यंत्र अजून अधूनमधून उगाच थांबतं. मी सही देईना.

“रोगी हिंडाफिरायला लागला आणि ही अजून नाडी धरून बसलीय,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. लोक हसले. मीही हसले, आणि जागेवर येऊन पुन्हा तपासलं. पुन्हा थांबलं.

आपल्या घरात बाबांपर्यंत सगळ्यांचे अंगठेच, तूही अक्षरं जुळवायला शिकलास ते मोठेपणी. पहिली सही माझी. ती खोट्याखाली कशी करू?

आणि तक्रारी का थांबल्या, ते मला ठाऊक होतं. मागे घरी आले तेव्हा जेवताना तूच हसत सांगितलंस. डोळ्यासमोर चकचकीत पट्टी चिकटवली की त्याला काही दिसत नाही, यंत्र दिवसभर बिनबोभाट चालतं. मी विचारलं, अरे, चुकून हात गेला तर?

“बोटं दहा आहेत, नोकरी एकच,” तू म्हणालास. वहिनी ताटावरून उठून आत गेली.

काल बैठकीत मी पट्टीचं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. पण कारखान्यात ते यंत्र एकच आणि त्यावर तू एकटा, मग नाव घ्यायचं राहिलं कुठे? मोठ्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. गुरुवारी न कळवता आपला माणूस तिथे जाईल, म्हणाले. पट्टी सापडली तर मान्य करू की दोष गेलेला नाही. नाही सापडली तर मी मुकाट्याने सही करायची आणि हीच दुरुस्ती सगळीकडच्या यंत्रांत जायची. पट्टी लावणाऱ्याचं काय होईल, असं मी विचारलं. ते त्याचे मालक बघतील, म्हणाले.

कालपासून तुझा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते. एक शब्द बोलले असते तरी तू पट्टी काढली असतीस. तो माणूस हात हलवत परतला असता, आणि त्याची पाठ वळताच तू ती पुन्हा चिकटवली असतीस. तुला मी ओळखते.

म्हणून पत्र. ते पोचायला शनिवार उजाडेल. तोवर तो येऊन गेलेला असेल.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. वहिनीला मात्र खरं सांग, की हे कुणी केलं.

तुला न विचारता,
तुझी धाकटी