चित्रातून गेलेला कोट

केशोरी, ता. १४ मे १९५६

वसंताने माझे चित्र आज पूर्ण केले. तीन दुपारी मी काळा कोट घालून पोरासमोर बसलो, आणि चित्रात उघडाच. कमरेला पंचा, हातात धानाचे रोप.

"माहा कोट कुठं गेला, बाबू?"

"कोट कोणीही घालते, बाबा. आपली ओळख ही आहे."

त्याची आई हसली, "तीन दिवस कोटात शिजले, आता हवा तरी लागन."

नागपूरच्या कलाशाळेत तो हे चित्र दाखवून शिकवणार. मास्तरचा बाप उघडा, असे पोरे म्हणतील ना? त्याच शाळेत त्याचे नाव घालायला गेलो, तेव्हा हा कोट शिवला होता. कोट पाहूनच कारकुनाने खुर्ची दिली. वसंता बाहेर उभा होता, त्याला काय माहीत. मीही सांगितले नाही.