तिसऱ्या रांगेतली दुसरी खुर्ची

मी, स्टीफन आंद्रे हुडाक, वय एकोणऐंशी, धंदा पूर्वी लोखंडी सामानाचे दुकान, हल्ली काही नाही, राहणार बर्च स्ट्रीट, मार्लो फॉल्स, राज्य ओहायो, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी हे आज लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना दाखला पुरणार नाही त्यांनी मला गेल्या मोसमात आमच्या हेरन्स या बेसबॉल संघाकडून कोणकोण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, खेळले ते विचारावे. मी सांगेन, आणि त्यातल्या कोणाला चेंडू धरायचीही अक्कल नव्हती तेही सांगेन. हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांनी फारसे बरे लिहिलेले नाही, म्हणून ही घाई.

माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तो आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी इरेना, आणि ती आता नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात ऑर्विल टटल याचा उल्लेख 'माझा मित्र' असा केलेला होता.

कलम १. बर्च स्ट्रीटवरचे घर मागच्या गॅरेजसह माझी मुलगी रोझमेरी हिला द्यावे. तिने माझ्या औषधांच्या वेळा सांभाळल्या आणि माझी बडबड ऐकून घेतली. तिला घर विकायचे असेल तर खुशाल विकावे. ठेवायचे असेल तर एवढेच, की अंगणातल्या खांबावर जावयाने त्याच्या गावच्या संघाचा झेंडा चढवू नये. जावई माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याचा संघ मला मेल्यावरही सहन होणार नाही.

कलम २. बँकेतल्या शिलकेतून आधी सेंट सिरिल चर्चच्या बायकांना योग्य ती देणगी द्यावी. उरलेले रोझमेरी आणि माझा नातू मायलो यांनी निम्मे निम्मे घ्यावे. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी त्या बायका चर्चच्या तळघरात बसून बटाट्याचे सारण भरून पिरोही करतात. इरेना गेल्यापासून त्यातला एक डबा माझ्या दाराशी ठेवून जातात, घंटासुद्धा वाजवत नाहीत. अशी माणसेही या गावात आहेत. पुढची कलमे वाचणाऱ्याने हे विसरू नये.

कलम ३. दुकान बंद केल्यावर मी घरी आणलेली सर्व हत्यारे, पाने, करवती, लोखंड पकडून ठेवायचा मोठा शेगडा आणि कामाचे टेबल मायलोला द्यावे. मायलो माझ्या मुलाचा, पॉलचा मुलगा. पॉल बायकोशी पटेना म्हणून पश्चिमेकडे निघून गेला आणि पोर आमच्याकडे राहिले. मायलो डावखुरा. दुकानामागच्या बोळात मी उकिडवा बसून त्याचे चेंडू झेलत असे. माझे गुडघे तेव्हाच कामातून गेले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. विशीत तो हेरन्सचा पहिल्या नंबरचा पिचर झाला. आपल्या गावाचा पोरगा, आपल्या गावाच्या मैदानावर. लोक त्याला रस्त्यात थांबवून त्याचा डावा हात हातात घेऊन बघत. हल्ली तो घरे गरम ठेवणाऱ्या भट्ट्या घरोघर जाऊन दुरुस्त करतो आणि हिवाळ्यात त्याला उसंत नसते. काम चांगले आहे. पण ते त्याने निवडलेले काम नव्हे.

कलम ४. पूर्वी दुकानाच्या मागच्या खोलीत असलेली आणि आता गॅरेजात पडलेली लोखंडी शेगडी भंगारात घालावी. ऑर्विलने मागितली तरी देऊ नये. या शेगडीची हकीकत अशी. फेब्रुवारीत मोठ्या क्लबांच्या फ्लोरिडातल्या सरावाच्या कॅम्पात पिचर आणि कॅचर हजर झाले अशी बातमी ज्या दिवशी येई, त्या दिवशी इथे गुडघाभर बर्फ असे आणि मोसमाला अजून बराच अवकाश असे. त्याच दिवशी मी शेगडी पेटवत असे आणि आमची मंडळी भोवती खुर्च्या ओढून बसत. प्रत्येकाने सांगायचे, पहिल्या सामन्याला आपला पिचर कोण, आणि का. नुसते नाव चालत नसे. ज्याला कारण देता येणार नाही त्याने खुर्ची सोडून दाराच्या फटीपाशी वाऱ्यात उभे राहायचे. 'कारण दे, नाहीतर खुर्ची दे' हा आमचा कायदा, आणि तो आम्ही राज्याच्या कायद्यापेक्षा कडक पाळला.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण याच्यावाचून पुढची कलमे समजणार नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी मायलोला वरच्या श्रेणीतल्या एका मोठ्या क्लबच्या, मार्चमध्ये भरणाऱ्या कॅम्पचे पहिले बोलावणे आले. त्याच आठवड्यात तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, हात दुखतोय. डॉक्टर म्हणतात थोडे दिवस चेंडूला शिवू नको, बरा होईल. कॅम्प सुरू होईपर्यंत होईलच. पण कुणाला सांगू नका हं, नाव कापतील माझं."

मला रात्रभर झोप नाही. सकाळी मी ऑर्विलकडे गेलो. ऑर्विल टटल आमचा पोस्टमन. जन्मभर त्याने गावाची पत्रे वाटली आणि कोणाच्या पाकिटात काय होते ते कधी बोलला नाही. शाळेपासून आम्ही एकत्र. मैदानावर तिसऱ्या रांगेत माझ्या दोन कायमच्या खुर्च्या आहेत. पहिलीवर मी आणि दुसरीवर तो, कारण इरेनाला बेसबॉलचा कंटाळा. मी त्याला सगळे सांगितले. त्याने छातीवर हात ठेवला. "स्टीव्ह, माझ्या पोटात गेलं म्हणजे गेलं. काळजी करू नकोस."

दोनच दिवसांनी शेगडी पेटली. मी पुढे दुकानात एका गिऱ्हाइकाला बर्फाचे फावडे दाखवत होतो. मधले दार उघडे होते. मागे ऑर्विल आणि गस न्हावी यांची जुंपली होती.

गस म्हणाला, "पहिल्या सामन्याला मायलोच. दुसरं आहे कोण आपल्याकडे? तो लांबुळका कॅस्टिलो? त्याचा एक चेंडू जरी सरळ गेला तरी मी वर्षभर तुझी दाढी फुकट करीन."

"मायलो नाही," ऑर्विल म्हणाला. "कॅस्टिलो. लिहून ठेव."

"का बरं?"

"मला वाटतं म्हणून."

"वाटतं हे कारण झालं होय रे? माझ्या सासूलाही वाटतं की मी मरावं. ऊठ, दे खुर्ची."

"उठत नाही जा."

"कारण दे, नाहीतर खुर्ची दे. बघा मंडळी, पोस्टमनसाहेबांना यंदा पिचिंगमधलं काही कळेनासं झालंय. वय झालं, दुसरं काय."

'काही कळत नाही' हे शब्द ऑर्विलला चाबकासारखे लागतात. रेडिओवरच्या निवेदकालाही तो मोठ्याने दुरुस्त करतो. निवेदकाला ऐकू जात नाही याचेसुद्धा त्याला वाईट वाटते. खुर्ची सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग ऑर्विलचा आवाज, सबंध दुकानाला ऐकू जाईल असा:

"अरे, त्या पोराचा खांदा गेलाय. स्टीव्हनं स्वतः सांगितलंय मला. आता बोल, कुणाला कळत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकाने मान वर केली, तेव्हा मला त्याच्या टोपीवरचे मोठ्या क्लबचे चिन्ह दिसले. मायलोला भेटायला आलेला माणूस होता तो, वाटेत गाडी बर्फात अडकली म्हणून फावडे घ्यायला शिरला होता. फावडे काउंटरवर तसेच टाकून तो बाहेर पडला.

विश्रांती राहिली बाजूला. क्लबने मायलोला तातडीने तपासणीला बोलावले आणि दुखऱ्या हाताने पूर्ण जोर लावून चेंडू फेकायला लावले. तिथेच हात कायमचा गेला. शस्त्रक्रिया झाली, बोलावणे रद्द झाले, आणि पुढच्या मोसमात हेरन्सनेही त्याला सोडून दिले. मायलो मला म्हणतो, "आजोबा, कधीतरी गेलाच असता हात. सोडा ना आता." तो मोठ्या मनाचा आहे. मी नाही.

कलम ६. मी ऑर्विलच्या घरी गेलो, तेव्हा तो अंगणातला बर्फ ओढत होता. मी विचारले, "का बोललास?"

"मी? मी कुठं काय बोललो?"

"ऑर्विल, मी दोन पावलांवर उभा होतो."

"मग तुला चुकीचं ऐकू आलं. क्लबवाल्यांना कुठूनही कळतं, स्टीव्ह. मी मायलोबद्दल शब्दही काढला नाही."

तो 'चुकलो' म्हणाला असता तर मी एक वर्ष बोललो नसतो, दोन वर्षे बोललो नसतो, आणि मग बोललो असतो. इतकी वर्षे त्याने तेच एक वाक्य धरून ठेवले. गावाने त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण पोस्टमन खोटे बोलत नाही. आणि माझ्याकडे लोक अशा नजरेने पाहू लागले की नातवाच्या दुःखाने म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

तरी मी दुसरी खुर्ची त्याच्याकडून काढून घेतली नाही. रोझमेरी मला मूर्ख म्हणते. मला वाटे, शेजारी बसला की कधीतरी, एखाद्या कंटाळवाण्या इनिंगमध्ये, बोलेल. तो शेंगा सोलत बसे आणि अर्धे दाणे माझ्या हातावर ठेवी. मी खातही असे. ज्याने केसाने गळा कापला त्याच्या हातचे दाणे खात मी अकरा मोसम वाट पाहिली. शेगडी मात्र मी पुन्हा पेटवली नाही.

कलम ७. गस न्हावी त्या दिवशी ऑर्विलपासून हाताच्या अंतरावर बसला होता. मी त्याला साक्ष द्यायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "शेगडी धडधडत होती बुवा, मला काही नीट ऐकू आलं नाही." बाकीच्या मंडळींनीही त्याचीच री ओढली. सबब माझे कानाचे यंत्र, डाव्या आणि उजव्या कानाचे, बॅटऱ्यांसह, गस याला द्यावे.

कलम ८. आता खुर्च्यांविषयी. क्लबच्या नियमाप्रमाणे कायमच्या खुर्चीचा हक्क मृत्युपत्राने देता येतो, आणि आमच्या गावात लोक घरादारापेक्षा त्यावरून जास्त भांडतात. तिसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची मायलोला द्यावी. तो गेली अकरा वर्षे मैदानात आलेला नाही. त्याने यावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. खुर्ची रिकामी राहिली तरी ती त्याचीच.

दुसरी खुर्ची ऑर्विल टटल याला द्यावी.

हे वाचून रोझमेरी चिडेल, म्हणून पुढचे नीट वाचावे. माझ्या वकील श्रीमती लिंडहोम यांनी मला समजावून सांगितले आहे की, मृत्युपत्रावर दोनच साक्षीदार असतील तर त्यांतल्या कोणाला दिलेली वस्तू इथल्या कायद्याने रद्द होते. सही करणाऱ्याला काही मिळत नाही. त्यामुळे मी असे ठरवले आहे की, सहीच्या दिवशी ऑर्विलला बोलवावे, त्याला हा सबंध मजकूर वाचू द्यावा आणि पेन त्याच्यासमोर ठेवावे. त्याने पेन उचलले नाही तर वकीलबाईंच्या कचेरीतला कोणीही दुसरा साक्षीदार म्हणून सही करील, आणि खुर्ची ऑर्विलची होईल. त्याला तिथे मरेपर्यंत बसता येईल. त्याने सही केली तर दुसरी खुर्ची मायलोची मुलगी एडी हिला जाईल. ती सहा वर्षांची आहे आणि तीही डावखुरी आहे.

सही करणाऱ्या साक्षीदाराला मजकुरात काही चूक आढळली तर ती त्याने सहीशेजारी स्वतःच्या अक्षरात नोंदवावी. सही न करणाऱ्याला ही मुभा नाही.

ऑर्विल काय करील ते मला ठाऊक नाही. ज्याला मी शाळेपासून ओळखतो असे समजत होतो, त्याच्याबद्दल हे लिहावे लागते याचे मला फार दुःख आहे. खुर्चीपेक्षा ते दुःख मोठे आहे.

कलम ९. माझा अंत्यविधी सेंट सिरिलमध्ये साधेपणाने करावा. तो हेरन्सच्या घरच्या सामन्याच्या दिवशी ठेवू नये, कारण लोक येणार नाहीत, आणि जे येतील त्यांचे लक्ष लागणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी रोझमेरीने करावी. वरचा मजकूर मी स्वतः सांगितला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही, असे समजून सही करतो.

स्टीफन आंद्रे हुडाक (सही)
मार्लो फॉल्स, ओहायो
तारीख १३ फेब्रुवारी. पिचर आणि कॅचर आजच हजर झाले.

आमच्या समक्ष वरील गृहस्थांनी शुद्धीत असताना सही केली, म्हणून आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या देखत सह्या करतो.

साक्षीदार पहिला: थिओडोर बाम, लिंडहोम यांच्या कचेरीतील कारकून (सही)

साक्षीदार दुसरा: ऑर्विल टटल, निवृत्त पोस्टमन (सही)
शेजारी साक्षीदाराच्या अक्षरात: "कलम पाचमध्ये चूक आहे. मी खांदा म्हणालोच नव्हतो. मी कोपर म्हणालो होतो. गसला विचारा."

त्याखाली मृत्युपत्र करणाऱ्याच्या अक्षरात: "दुरुस्ती मान्य. कोपरच होते. मीच तुला सांगितले होते. स्टी. हु."