थेट आमच्याकडेच बुक करा

३ जून, सकाळ
आज निर्णय घेतला. बुकिंगच्या वेबसाइटवरून आपलं हॉटेल काढून टाकलं. खोल्या आपल्या, चादरी आपल्या, गिऱ्हाइकाची किरकिर ऐकणारे कान आपले, आणि कमिशन खाणार ते. आता लोक थेट फोन करतील. हिला सांगितलं. ही उशांचे अभ्रे बदलत होती. कुणाला विचारून काढलंत, म्हणाली. मालकाला विचारावं लागत नाही, म्हणालो. मालक दोघं आहेत, म्हणाली. मुद्दा सोडून बोलायची तिला सवयच आहे.

५ जून
फोन नाही. लोकांना कळायला वेळ लागतो. दारावर बोर्ड लावला: ‘थेट बुक करा. आपुलकी मोफत.’ दुसरं वाक्य माझं. (पहिलंही माझंच.) गिऱ्हाईक आपुलकी नाही, पार्किंग विचारतं, असं ही म्हणाली.

९ जून, दुपार
फोन वाजला. थोडा वाजू दिला, उतावळेपणा दिसायला नको. तेवढ्यात बंद पडला. उलट लावला. लाँड्रीवाला होता. चादरी का येत नाहीत, विचारत होता. सध्या निवडक गिऱ्हाईक घेतो, असं सांगितलं.

१४ जून
रिकाम्या खोल्यांचा एक फायदा, स्वच्छता टिकते. ही म्हणाली, परत टाका वेबसाइटवर, अजून वेळ गेलेली नाही. म्हटलं, औषधवाला येऊ दे, मग बोल. औषध कंपनीचा हा माणूस वर्षानुवर्षं दर महिन्याला आपल्याकडेच उतरतो. कोपऱ्याची खोली, बिनसाखरेचा चहा. घरचाच. त्याच्यासाठी खोली राखून ठेवली. तशी राखायची गरज नव्हती.

१८ जून
औषधवाला दिसला. समोरच्या हॉटेलच्या गॅलरीत टॉवेल वाळत घालत होता. मी हात केला. त्याने आधी टॉवेल नीट झटकला, मग हात केला. संध्याकाळी बिचारा स्वतः भेटायला आला. म्हणाला, ऑफिसातून वेबसाइटवरच बुकिंग होतं, तुमचं नाव दिसेना, वाटलं हॉटेल बंद केलंत. चहा विचारला. तिकडे झाला म्हणाला. वहिनींना नमस्कार सांगा म्हणाला. म्हणजे आपुलकी आहेच.

२१ जून
वेबसाइटवर परत अर्ज केला, केवळ हिच्या समाधानासाठी. जुने चांगले अभिप्राय सगळे पुसले गेलेत. आता आम्ही ‘नवीन हॉटेल’. यादीत इतके खाली आहोत की मलाच सापडेना. नवं म्हणजे ताजंतवानं, असं हिला समजावलं. ही उठून आत गेली.

२४ जून
ही समोरच्या हॉटेलात रिसेप्शनवर लागली. मी परवानगी दिली. मागितली नव्हती, तरी दिली. जेवण झाकून ठेवलंय, एवढंच सांगून रस्ता ओलांडून गेली. एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या गोटात आपलं माणूस.

२ जुलै
फोन आला. खरा. पलीकडच्या हॉस्पिटलात बायकोच्या ऑपरेशनसाठी येणारे एक आजोबा. वेबसाइटचं काही समजत नाही, माणसाशी बोलायचं होतं, म्हणाले. हेच, हेच मी इतके दिवस सांगत होतो. तळमजल्याची खोली, हवा, उजेड, सगळं सांगितलं. ते खूश झाले. मग म्हणाले, घरात बाईमाणूस आहे ना? ऑपरेशननंतर हिला उठायला-बसायला आधार लागेल, माझ्याने एकट्याने होत नाही.

खिडकीतून समोर पाहिलं. ही काउंटरवर कुणाला तरी किल्ली देत होती. हसून.

आजोबांना समोरच्या हॉटेलचा नंबर दिला. तिथे एक बाई आहेत, नीट बघतील, म्हणालो. तुमच्या ओळखीच्या का, असं त्यांनी विचारलं.

थोड्याफार, म्हणालो.