जुईपासून पंधरा दिवस

३ फेब्रु., मंगळ.
घेतली एकदाची आयोडीनची कॅप्सूल. किरणोत्सारी म्हटल्यावर केवढी धास्ती घेतली होती, निघाली सर्दीच्या गोळीएवढी. आता थायरॉइडचं धावणं थांबतं का, ते सहा आठवड्यांनी रक्त तपासल्यावर कळेल. तोवर धडधड, थरथर चालूच. पण पंधरा दिवस जुईला जवळ घ्यायचं नाही. तीन वर्षांची पोर, मला बिलगल्याशिवाय झोपत नाही. कसं होणार?

४ फेब्रु.
आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत क्वालिटीला, त्यामुळे घराचंही शॉप फ्लोअर. अविनाशने बेडरूमच्या दाराबाहेर पिवळी पट्टी चिकटवली, टेपने अंतर मोजून. वर दाराला लाल टॅग, नापास मालाचा! म्हटलं, "बायकोला भंगारात काढलंस होय?" बिचारा ओशाळला. आता पिवळा टॅग आहे: होल्ड, निर्णय बाकी. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

५ फेब्रु.
जुई पट्टीपाशी बसून रडली. आत मीही. सासूबाई मुद्दाम लातूरहून आल्यात म्हणून निभावतंय.

९ फेब्रु., सोम.
रडणं कमी. पट्टीपलीकडून भातुकलीतला चहा दाखवते, मी इकडे फुरके मारते. साखर कमी म्हटलं की पुन्हा करून आणते. भरपूर वाचन, आयता चहा. इतका आराम बाळंतपणातही नव्हता.

१४ फेब्रु.
सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "लेकरू गुमान झोपलं बघ माझ्यापाशी. तुझं नाव बी काढलं नाही." मला बरं वाटावं म्हणूनच बोलल्या. पण बोचलं. लिहायला लाज वाटते, थोडं तरी रडायला हवं होतं तिने.

१८ फेब्रु., बुध.
संपले दिवस. पट्टी निघाली. हात पसरून बसले, तर बाईसाहेब लांबच उभ्या. "आई, आता चालतं?" मान हलवली. मग आली ती अंगावरच. खूप वेळ सोडलंच नाही.
दुपारी झोपायला मात्र स्वतःची उशी उचलून आजीकडे गेली. सासूबाईच कानकोंड्या झाल्या, तिला परत पाठवायला लागल्या. म्हटलं राहू दे, आणि माझीच सतरंजी हॉलमध्ये नेली.
जुईचं तोंड आजीकडे, पाठ माझ्याकडे. झोपेत मागे सरकत सरकत मला येऊन टेकली. चार वाजून गेले तरी मी कूस बदलली नाही.