निळ्या दोऱ्याची पुडी

प्रिय खारूताई,

या पत्रासोबत पानांच्या दोन पुड्या आहेत. एक निळ्या दोऱ्याने बांधलेली, दुसरी पांढऱ्याने. आधी पत्र शेवटपर्यंत वाच, मग दोरे सोड. लहानपणी तू भेटीचा कागद आधी टराटरा फाडायचीस आणि भेट कुणी दिली ते मागाहून विचारायचीस, म्हणून सांगून ठेवतो.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्या घरात फोन स्पीकरवर लावून सगळ्यांनी मिळून ऐकायचा असतो, आणि तुझी आजी एकदा खुर्ची ओढून बसली की समोरच्याला सलग वाक्य मिळणं कठीण. शिवाय मला लिहायला आवडतं. आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासून बोटं वाकडी झाली, अक्षर मात्र अजून सरळ आहे.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, सत्र संपायच्या आत प्रयोगातला रंग पुन्हा आला नाही तर संशोधन सोडून देणार. तुझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या की एकदा आलेला निकाल हा निकाल नसतो, योगायोग असतो. आणि शेजारच्या टेबलावरच्या कुणी तरी हसत विचारलं, पहिल्या वेळी बाटलीत चहा तर नव्हता ना ओतलास? तू हे हसून सांगितलंस, पण तुझं हसू मी पाळण्यापासून ऐकत आलोय. ते कधी आतून येतं आणि कधी नुसतं ओठांवरून, एवढं मला कळतं. आजीलाही कळलं असावं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ टेबलावरचे नसलेले कण गोळा करत बसली होती.

तो रंग मी पाहिलाय, हे विसरू नकोस. तू मला तुझी प्रयोगशाळा दाखवायला नेलंस, त्या दिवशी मी नवा सदरा घातला होता आणि तू वर पांढरा कोट चढवून माझा सदरा झाकून टाकलास. खिडकीलगतचं लांब टेबल, नळाखालची उपडी घातलेली काचेची भांडी, आणि तुझ्या हातातली ती बाटली. तू म्हणालीस, आबा, या पाण्यात चांदी विरघळलेली आहे. मी चष्मा वर केला, खाली केला, पाणी काही पाण्याहून वेगळं दिसेना. मग तू त्यात आपल्या परसातल्या पेरूच्या पानांचा काढा घातलास आणि मला स्टुलावर बसवून म्हणालीस, आता कविता म्हणा, नाहीतर कंटाळाल. मी शाळेतली एक धरली. दोन-चार कडवी झाली आणि पाणी पिवळसर झालं, मग मधासारखं, मग कडक चहासारखं. तू सांगितलंस की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले आणि उजेड त्यांच्यावर पडून असा रंग दिसतो. इतर लोक यासाठी जहाल रसायनं वापरतात, तेच काम पान गुपचूप करतं. पुढे हे कण जखमेवरच्या पट्टीत घालायचे, म्हणजे जंतू वाढायचे नाहीत. मला त्यातलं निम्मं कळलं, पण निम्म्यानेही ऊर भरून आला. लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून मी जन्मभर दुकानात बसलो, आणि माझी नात असलं काही बनवते की जे माझ्या दुकानातल्या कुठल्याही भिंगातून दिसणार नाही. घरी परतल्यावर मी आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे आता आजोबांचं दुकान नातीनेच बंद केलं म्हणायचं.

त्याच दिवशी तू मला आणखी एक गंमत दाखवली होतीस. दुसऱ्या बाटलीतल्या चांदीच्या पाण्यात मिठाचे चार खडे टाकलेस, आणि पाणी दूध फाटावं तसं पांढरं झालं. तू म्हणालीस, चांदीला मीठ चालत नाही. दोघं भेटली की असा साका होतो, मग पान बिचारं काही करू शकत नाही. मला ते वाक्य आवडलं. वृत्तात बसतंय का तेही मी पाहिलं. बसत नाही.

आता घरची हकिगत. पेरूला यंदा फळ बेताचंच आहे, पानं मात्र भरपूर. तू ज्या फांदीवर चढून बसायचीस आणि खाली उतर म्हटलं की आणखी वर जायचीस, ती फांदी वाकून कुंपणाला टेकली आहे. तुला धाडायची पानं तोडायचं काम अजून आजीच करते. मी तोडायला गेलो तर तांबूस कोवळी पानं सुंदर दिसतात म्हणून तीच खुडतो, आणि ती म्हणते, कविता करायची नाहीये, काढा करायचाय, जून पानं बघा. तिने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे आमचा संसार तिच्या बेरजेवर आणि माझ्या यमकांवर चालला. मी दाढी करताना कविता म्हणतो आणि ठरलेल्या ठिकाणी अडतो. ती आतून चिडून पुढचा शब्द फेकते. स्वतः एक ओळ कधी मोठ्याने म्हणाली नाही, पण माझा अडलेला प्रत्येक शब्द तिच्यापाशी आहे.

अलीकडे आमची बरीच करमणूक होते. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तेव्हा ती म्हणाली, थंड काचेतून बातम्या जरा थंड वाटतात. मी हसलो. नळ चालू राहतो, मी बंद करतो. भाजीवाल्याला तिने एकाच सकाळी दोनदा तीच भाजी सांगितली, त्यानेही दोनदा दिली. मग परवा दुपारी ताटं घेताना तिने तीन घेतली आणि मला विचारलं, पोरगा अजून शाळेतून कसा आला नाही. पोरगा म्हणजे तुझा बाबा. मी म्हटलं, येईल. तिसरं ताट मी हळूच मांडणीवर परत ठेवलं आणि आम्ही जेवलो.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती परसातून पानांची टोपली घेऊन आली. एरवी मी तेव्हा वर्तमानपत्रात असतो. त्या दिवशी तुझा विचार डोक्यात होता म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, पानं बुडवली, आणि डब्यातून मूठभर मीठ घेऊन वर टाकलं. अगदी सराईतपणे, पालेभाजी धुताना टाकते तसं. मी विचारलं, अगं, यात मीठ कशाला? ती म्हणाली, किडे निघतात, एवढंही ठाऊक नाही का तुम्हाला? मग पानं निथळून नेहमीच्या जुन्या चादरीवर सावलीत पसरली, एकावर एक येऊ नये म्हणून प्रत्येक पान वेगळं करून. तिचं काम बघण्यासारखं होतं. चुकत होतं ते फक्त मीठ.

ती आत गेल्यावर मी मागच्या खेपांचे डबे काढले. तुला पाठवून उरलेला चुरा त्यांत असतो. एकेका डब्यात बोट घालून चाटून पाहिलं. पहिल्या खेपेचा डबा नुसता तुरट लागला. त्यानंतरचा प्रत्येक डबा खारट.

तू बाटल्या बदलल्यास, पाणी बदललंस, चांदीची नवी पूड मागवलीस, उन्हाळ्याला दोष दिलास. पानावर मात्र संशय घेतला नाहीस. पान घरचं, आजीच्या हातचं, त्यात काय तपासायचं. मीही तेच म्हणालो असतो. घरच्या वस्तूची चव आपण कधी घेऊन बघत नाही.

तेव्हा आता दोऱ्यांचं ऐक. दोन्ही पुड्यांतली पानं एकाच फांदीची, एकाच सकाळची. पांढऱ्या दोऱ्याची आजीने धुतली. निळ्या दोऱ्याची मी, नुसत्या पाण्याने, पुन्हा पुन्हा; आणि शपथेवर सांगतो, जून पानंच घेतली आहेत. दोन्हींचा काढा शेजारी शेजारी ठेव आणि बाईंना समोर बसव. हवं तर त्यांना एखादी कविता म्हणायला लाव. पहिला निकाल योगायोग नव्हता, हे त्यांना बाटलीच सांगेल. पानं मिठाच्या पाण्यात धुतली गेली होती एवढं त्यांना सांगितलंस तरी पुरे. कुणी धुतली, ते सांगायची गरज नाही.

तिला मी काही बोललेलो नाही, आणि तूही बोलू नकोस. तुझ्या बाबाला रविवारी सांगणार आहे. आजवर सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं. डॉक्टरांकडे न्यायचंय, आणि माझ्या सांगण्याने ती येणार नाही. तुझ्या येईल. पण पुड्या काही नुसत्या तुला बोलावण्यासाठी धाडल्या नाहीत. रंग आला की चार दिवस सुट्टी काढ आणि पुढची पानं स्वतः न्यायला ये. पातेल्याशी तिच्या शेजारी उभी राहा, मिठाचा डबा जरा लांब सरकव, आणि पानं तिलाच धुऊ दे. काल तिला तुझं नाव आठवलं नाही. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी शब्द द्यावा म्हणून. इतकी वर्षं ती मला देत आली तसा. मी दिला. तिने मान हलवली, चादरीवरची पानं उलटी केली आणि विचारलं, एवढी पुरतील ना तिला?

तुझी वाट पाहणारा,
तुझाच आबा