परत येण्याचा पुरावा

४ एप्रिल २०२५

"सर, फाईल में दम नाही." जब्बार म्हणाला. माझ्या तोंडावर!

क्रांती चौकातलं त्याचं ट्रॅव्हल्सचं दुकान. एसी चालू, तरी मला घाम. कॉलेजात माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा हा जब्बार. आता अर्ध्या शहराला युरोप दाखवतो. मला हॉलंडचा व्हिसा पाहिजे, फक्त तीन आठवड्यांचा. त्याला पाहिजे पुरावा. मी जाऊन परत येईन याचा!

बायको? — गेली, नऊ वर्षं झाली. पेन्शन? — संस्थाचालकांनी नोकरीच्या भरतीत पैसे खाल्ले म्हणून त्यांच्या टेबलावर राजीनामा फेकला होता मी. पेन्शन कुठलं! घर? — भाड्याचं. मूलबाळ? — एकच, ऋजुता. आणि तीच तिकडं.

"मग उन लोगां को लगेगा ना सर, ये बुढ्ढा वापस कायको आएगा?" लगेच जीभ चावली त्यानं. "बुढ्ढा ते बोलणार हां सर, मी नाही."

शेवटी त्यानं हळूच विचारलं, "जमीन? सातबारा?" नाही. उत्तर त्याला ठाऊक होतं. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मीच सांगितलंय, गावोगावच्या सभांतून.

५ एप्रिल

झोप लागली नाही नीट. लिहून काढतो.

सव्वीस जूनला ऋजुताची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. तिकडं ती चार भिंतींत होत नाही. भरल्या सभागृहात उभं राहायचं, समोर प्राध्यापक काळे झगे घालून, मागं नातेवाईक, मित्र, कुणीही. तासभर प्रश्न. विषय — साठवणीतला कांदा का सडतो. माझी बहीण सारजाबाई म्हणाली होती, "कांदा सडतो ते कळाया हॉलंडला जावं लागतंय व्हय?"

माझी मुलगी अडखळते. पहिलीत असल्यापासून. क, ख, प आले की गाडी थांबते. दहा हजारांच्या सभा गाजवणाऱ्या माणसाची मुलगी शाळेत कधी स्टेजवर चढली नाही. मी बोलत असलो की ही मांडवाच्या मागं, आईपाशी. आणि आता तासभर बोलणार, परक्या भाषेत, परक्या लोकांत!

मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही याल? प… प…"

"पहिल्या रांगेत?" मी म्हणालो.

"हं," म्हणाली.

जाणार. तिथं पहिल्या रांगेत बसणार. ज्या दिवशी ती उभी राहील त्या दिवशी मी इथं भिंतीकडं बघत बसणं शक्य नाही.

९ एप्रिल

अर्जासोबत जोडायचं पत्र लिहिलं. सहा पानं! मराठवाडा मी का सोडणार नाही, या मातीनं मला काय दिलं, सीमा कुणी आखल्या आणि कुणासाठी आखल्या — सगळं. जब्बारनं पहिलं पान वाचलं, बाकीची परत दिली.

"सर, उनको भाषण नक्को. पंधरा ओळी. कधी जाणार, कधी येणार, खर्च कोण करणार."

"आणि मी कोण आहे ते?"

"ते कुठंच विचारलेलं नाही, सर."

१० एप्रिल

फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, तोंड बंद ठेवा, हसू नका, सरळ बघा. तोंड बंद ठेव असं आयुष्यात पुष्कळांनी सांगितलं. ऐकलं आजच!

१५ एप्रिल

वैजापूरहून सारजाबाईचा फोन. ऋजुतानं आत्याला काहीतरी सांगितलेलं दिसतं.

माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तरणेपणी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हापासून शेत तीच कसते. वडील गेले तेव्हा भाऊबंदांनी मला रीत शिकवली — तेरावं झालं की बहिणीला तहसिलात न्यायचं, हक्कसोडीवर सही घ्यायची, वर एक साडी नेसवायची. झालं! मी उलटं केलं. माझा सगळा वाटा तिच्या नावे केला. तिनं भर चावडीत मला टोपी-टॉवेलाचा आहेर केला. लोक पोट धरून हसले. त्यानंतरची माझी सगळी भाषणं त्या दिवसातून निघाली. "बहिणीच्या अंगावर साडी टाकायची आणि पायाखालची जमीन काढून घ्यायची, याला आपण माहेरपण म्हणतो!" या वाक्याला टाळी पडली नाही असं गाव नाही.

आज म्हणते, "आरं नाना, घे की तुझी दोन एकर माघारी. मी काय उरावर घिऊन जानार हाय?"

म्हणालो, लोक काय म्हणतील?

"लोकं? लोकांला तू बोलतूस. लोकं तुला कवा बोलली?"

ठेवला फोन. नाही. हे नाही.

१७ एप्रिल

"सिर्फ नाव चढवा सर. व्हिसा झाला की उतरवा." जब्बार.

ओरडलो त्याच्यावर. दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. दाखवायपुरता कागद करणारा माणूस नाही मी! घ्यायची तर खरी घ्यायची. नाहीतर नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, 'घ्यायची तर' म्हणालो.

२१ एप्रिल

ऋजुताचा मेसेज. (बोलण्यापेक्षा ती लिहिते. लिहिताना झरझर.) "बाबा, फार धावपळ करू नका. नाही जमलं तर खरंच राहू द्या. मी रेकॉर्डिंग पाठवेन."

माझ्या दगदगीची काळजी! हिला काय माहीत तिचा बाप कुठल्या कुठल्या तुरुंगात राहून आलाय. तिथं निदान जामीन मिळायचा. इथं समोर कुणी फौजदार नाही, न्यायाधीश नाही. भांडायचं कुणाशी? जिकडं वळावं तिकडं माझंच एखादं तत्त्व आडवं उभं.

२२ एप्रिल

सारजाबाईला फोन केला. "ये की मंग," एवढंच म्हणाली.

२९ एप्रिल

वैजापूर. दुय्यम निबंधकाचं ऑफिस. बक्षीसपत्र — बहिणीकडून भावाला.

बाकावर शेजारी एक भाऊ बसला होता, हक्कसोडीला तीन बहिणींना घेऊन आलेला. तिघींच्या मांडीवर एकाच दुकानाच्या पिशव्या. त्यानं मला ओळखलं नाही, हे नशीब. आतल्या कारकुनानं ओळखलं.

"सर, तुम्हीच ना ते? साडीवाले?"

"हो."

त्यानं कागद वर-खाली केला. घेणार कोण, देणार कोण, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बोटं नीट दाबा यंत्रावर." त्यानं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

बाहेर आलो तर सारजाबाई पायऱ्यांवरच उभी राहिली. "चल, आता साडी घे मला."

"आक्का, थट्टा करू नको."

"थट्टा नाय. घेतलीस ना जिमीन? मंग रीतीनं घे. फुकाट घेतोस व्हय?"

गेलो दुकानात. तिनं गादीवर बैठक मारली आणि सांगितलं, "चांगली काढ रं बाबा. भाषनवाल्याची भैन हाय मी." दुकानदार हसला, ती हसली. हिरवी घेतली, बारीक काठाची. मीच तिच्या खांद्यावर टाकली.

मला एसटीत बसवून देताना म्हणाली, "आसं तोंड करू नगं. पोरीसाठी केलंस. जा, बघून ये तिला बोलताना. माझ्या वाटचं बी बघ."

३ मे

कुणाला सांगितलं नाही. सांगायला आहे कोण?

११ मे

पैठणला व्याख्यान. विषय महिन्यांपूर्वी ठरलेला — 'जमीन आणि बाई'. बोलावणाऱ्या पोरी फार उत्साही. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

अर्धा तास बरा गेला. कायदा सांगितला, आकडे सांगितले. मग ती जागा आली. समोरच्या बायका वाटच बघत होत्या, काहींच्या ओठांवर ते वाक्य आधीच आलं होतं. "बहिणीच्या अंगावर…" म्हणालो आणि पुढं काही येईना. शब्द माहीत होता. घशापर्यंत आला होता. निघेना! चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्यांनीच पुरं केलं, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं. आणि टाळ्या! त्यांना वाटलं मला भरून आलं.

फार राग आला त्यांचा. का आला ते कळत नाही. त्यांनी तर मदतच केली.

२० मे

फेरफार मंजूर. सातबाऱ्यावर माझं नाव. जब्बार खूश. "अब आया दम, सर!"

२७ मे

पुण्याला जाऊन आलो. व्हिसा केंद्र. मोबाईल बंद, पाणी बाहेर, टोकन घ्या, बसा. शंभर माणसं आणि कुजबुजसुद्धा नाही. काउंटरवरच्या मुलीनं सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर दोन सेकंदांत उलटलं. ज्यासाठी एवढं केलं, त्यावर तिची नजरही ठरली नाही! मी म्हणालो, "बाई, ही जमीन —" ती म्हणाली, "सर, उजव्या हाताची चार बोटं."

आता वाट बघणं.

२ जून

काही नाही.

५ जून

ऋजुतानं तिच्या तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं. दहा-बारा जण बसलेत, ती उभी. उभी राहते कशी — पाय रोवून, एक हात टेबलावर! दोनदा अडकली. चांगली अडकली. पण घाबरली नाही. थांबली, श्वास घेतला, जरा हसली, शब्द येईपर्यंत तशीच उभी राहिली. समोरचे सगळे गप्प. कुणी मदतीला धावलं नाही. शब्द आला, ती पुढं गेली. कुणाच्या तरी प्रश्नाला असं उत्तर दिलं की अख्खी खोली हसली.

चार वेळा पाहिलं. रडलो. कुणालाच असं बोलता येत नाही. मलाही नाही.

तिला कळवलं, मलाही एकदा करून दाखव, व्हिडिओ कॉलवर. बऱ्याच वेळानं उत्तर आलं — "बरं, रविवारी."

८ जून

केलं तिनं.

तेच भाषण, तेच शब्द. दुसऱ्याच वाक्याला अडकली. मी पटकन शब्द सांगितला. तिनं मान हलवून तो घेतला. पुढच्या वाक्याला पुन्हा. पुन्हा मी. मग माझं मलाच कळलं, मनाशी म्हणालो, आता तोंड उघडायचं नाही. ओठ घट्ट मिटून बसलो.

काही फरक पडला नाही. रेकॉर्डिंगमध्ये हसत थांबली होती, त्या जागी तिच्या मानेच्या शिरा ताठल्या. डोळे मिटले. उघडले ते सरळ माझ्या तोंडाकडं. मी बोलतोय की नाही, एवढंच बघत होती. पहिलीतली पोर बघायची तसं.

"नेट ख… ख…" म्हणाली. कॅमेरा बंद झाला.

नेट चांगलं होतं.

९ जून

दिवसभर घराबाहेर पडलो नाही. तिनं मला बोलावलं नव्हतं. विचारलं होतं फक्त, आणि ते वाक्य पुरं मी केलं. काय म्हणणार होती ती? पहिल्या रांगेत — की परीक्षा झाल्यावर? कधी कळणार नाही. आता विचारलं तर 'पहिल्या रांगेतच' म्हणेल. बापाला नाही म्हणणं तिला लहानपणीही जमायचं नाही.

देव मानत नाही, म्हणून नवसही करता येत नाही की व्हिसा नाकारावा!

१३ जून

मिळाला. पासपोर्टात चिकटवलेला, माझा तोंड मिटलेला फोटो त्यावर. जब्बारनं पेढे मागवले, दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं, "मेरे सर हैं!" चिकलठाण्याहून सकाळचं विमान, मुंबईहून पुढं. तिकीट धरून ठेवलंय त्यानं. "बिटिया को यहीं से फोन लगाओ, सर." म्हणालो, घरी जाऊन लावतो.

लावला नाही.

१४ जून

फोन केला. म्हणालो, नाकारला गं त्यांनी.

ती म्हणाली, "बाबा, किती खटपट केलीत तुम्ही, आणि कागद पुरे असताना त्यांनी असं करावं, मला फार फार वाईट वाटतंय."

एकदाही अडखळली नाही.