गेमची मशीन, समोरची खोली आणि भीमराज

मी, अर्जुन रंगनाथ बोडखे, वय चौसष्ट, धंदा रेडियम-स्टिकर व कारखान्यांच्या मशीनवरच्या पाट्या, राहणार दिघी, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करीत आहे. हृदयात दोन स्टेंट आहेत, पायांत जोर राहिलेला नाही, पण डोकं जागेवर आहे आणि कान गरजेपेक्षा जास्त चांगले आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही. आजवर कोणाला ते जमलंही नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही. फार वेळ बसवत नाही, म्हणून मुद्द्याचं तेवढं लिहितो.

कलम १. बँकेतल्या सर्व ठेवी पत्नी सौ. दीपमाला हिच्या. कशाला हव्यात, हे तिला कोणी विचारू नये. जालन्याची नोकरी सोडून मी इकडे आलो तेव्हा तिनेही मला विचारलं नव्हतं.

कलम २. आकुर्डीचा गाळा, प्रिंटर आणि कटिंगचा प्लॉटर मुलगी योगिनी हिचे. पातं बोथट झालं की प्लॉटरचा आवाज बदलतो, तो तिला कळतो. मुलगा प्रज्वल याला कळत नाही. त्यात त्याचा दोष नाही; त्याच्या वाकडच्या फ्लॅटच्या काचा बाहेरचा आवाजच आत येऊ देत नाहीत.

कलम ३. माझे मेव्हणे रविराज यांनी "स्टिकर चिकटवून कुठे संसार होतो का?" असं भर पंगतीत विचारलं होतं. त्यांना काही देत नाही. मात्र गाळ्यावरची पाटी योगिनीने काढू नये. त्यांची गाडी रोज तिथूनच जाते.

कलम ४. दिघीचं घर दीपमालाच्या हयातीपर्यंत तिचं, तिच्यामागे प्रज्वलचं. अपवाद फक्त रस्त्याकडे स्वतंत्र दार असलेल्या समोरच्या खोलीचा. त्या खोलीचं पुढच्या कलमात लिहितो. ते कलम लांबेल, त्याला इलाज नाही.

कलम ५. त्या खोलीत व्हिडिओ गेमची उभी मशीन आहे. ती माझा मित्र भीमराज आणि मी मिळून घरीच केली. आम्ही दोघं हंगामी कामगार होतो तेव्हा शिफ्ट सुटली की आकुर्डी स्टेशनाजवळच्या गेमच्या दुकानात उभे राहायचो. खेळायचे दुसरे, आम्ही बघायचो. पुढे तो फाउंड्रीत पॅटर्नमेकर झाला, म्हणजे ओतकामाआधी लाकडाचा नमुना करणारा, आणि मी स्टिकरात शिरलो. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको कस्तुरा वारली. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा, चहा घ्यायचा आणि गप्प बसायचा. ती शांतता मला सोसवेना. म्हटलं, चल, मशीन करू.

लाकडाचं काम त्याचं, बटणांच्या पॅनलवरचं चित्र माझं. आयुष्यभर चाकणच्या कंपन्यांसाठी चालू, बंद, धोका एवढंच कापत आलो. एक तरी पॅनल मनासारखं करायचं होतं. बैलगाड्यांची शर्यत काढली. पुढे घोडी, मागे चार बैल, त्यांच्या मागे धुरळा. बटणं सगळी धुरळ्यात घेतली, कारण हात टेकतो तिथला रंग आधी जातो. बैलाचं तोंड झिजलं तर वाईट दिसतं. धूळ झिजली तरी धूळच दिसते.

छापून आणलं, लावून बघतो तर कडेला फट, आणि एकही भोक जागेवर येईना.

"माप बरोबर हाय," भीमराज म्हणाला. "तुजं स्टिकर आकसलंय."

"भावा, स्टिकर आकसत नसतं. तुझी पट्टी दाखव."

पट्टी फाउंड्रीतली निघाली. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर मुळातच जरा मोठा आखलेला असतो. चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने सगळी मशीन त्याच पट्टीने मापली होती.

"थांब मग," मी म्हणालो, "लाकूड थंड झालं की बसेल बरोबर."

तो हसला. कस्तुरा गेल्यावर पहिल्यांदा हसला, म्हणून हे इथे नोंदवतो. मी भोकं सरकवून पुन्हा छापलं आणि वाढलेल्या जागेत शर्यत बघणाऱ्या माणसांची रांग काढली. त्याने लगेच विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?" दाखवलं. तेव्हापासून तो दर रविवारी येतो, खेळतो, हरतो, मला शिव्या देतो.

त्या पट्टीमुळे मशीन दारातूनही बाहेर निघत नाही, अर्ध्या बोटाने अडते. म्हणजे मशीन ज्याची, त्याला खोलीही हवी.

मागच्या महिन्यात मी पडून होतो. भेटायला आलेले प्रज्वल आणि सूनबाई मिनल शेजारच्या खोलीत बोलत होते.

"पॅनल काढून फ्रेम करू. आपल्या हॉलमध्ये भारी दिसेल."

"आणि बाकीची मशीन?"

"भंगारात."

"अरे, ते भीमराजकाका येतात ना खेळायला?"

"बाबा नसल्यावर कशाला येतील ते?"

मी डोळे मिटले होते, कान नव्हे. प्रज्वलला चित्र मनापासून आवडतं, याचं बरंही वाटलं. पण भिंतीवर टांगलं तर ते सहा भोकं पडलेला धुरळा आहे. आणि मी नसल्यावर भीमराजने रविवारी जायचं कुठे, हे त्या फ्रेममध्ये बसत नाही.

म्हणून मशीन मी भीमराजला देतो आणि समोरच्या खोलीच्या वापराचा हक्कही त्याच्या हयातीपर्यंत त्याला देतो. तोवर कोणी ती खोली विकू नये, भाड्याने देऊ नये, पॅनलचा स्क्रूसुद्धा काढू नये. चित्र फारच गेलं तर योगिनीने नवीन छापावं, माप भीमराजच्या पट्टीने घ्यावं. रविवारी दीपमालाने चहा द्यावा. कंटाळा आला तर प्रज्वलने करावा, त्याला येतो. भीमराजच्या मागे मशीन व खोली प्रज्वलची. त्याने आधी महिनाभर खेळावं, मग फ्रेमचं बघावं.

कलम ६. हे सगळं मी भीमराजला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो घेणार नाही. समोरच्या खोलीची किल्ली त्याला दोनदा दिली, दोन्ही वेळा दीपमालाच्या मिसळणाच्या डब्यात ठेवून गेला. या कागदाला साक्षीदार दुसरेच ठरलेत, हे त्याला गल्लीत कळलं. दारात उभं राहून म्हणाला, "चाळीस वर्सं वळखतो तुला. सहीला मी परका व्हय?" आणि गेला. आज रविवार आहे, ऊन पायरीवर आलं, समोरच्या खोलीत बटणांचा आवाज नाही. बोलवायला जाववत नाही. गेलो तर तोंडातून निघून जाईल.

तेव्हा या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून योगिनीला माझी सूचना अशी: मी गेल्यावर बाकी काही वाचण्याआधी भीमराजला त्या खोलीत बसवावं आणि पुढचं त्याच्या डाव्या कानाशी मोठ्याने वाचावं. उजवा फाउंड्रीने घेतला आहे.

भीमराज, ज्याच्या नावे काही ठेवायचं, त्याला साक्षीला घेऊ नका असं वकील म्हणाले. म्हणून तुझी सही घेतली नाही. सहीपेक्षा तू इथे बसलेला मला जास्त हवा होतास.

तो "मला काय करायचंय" म्हणेल. योगिनी, थांबू नकोस. किल्ली त्याच्या हातात दे आणि मशीन चालू कर.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, कबूल केला आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सही केली.

ठिकाण : दिघी
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५

(सही) अर्जुन रंगनाथ बोडखे

साक्षीदार :
१. (सही) ज्ञानेश दत्तू पठारे, शेजारी
२. (सही) डॉ. विजयश्री मोहन लांडे. मृत्युपत्र करणारे शुद्धीवर व समजून-उमजून बोलत आहेत, याची मी खात्री केली आहे.